डिलीटचं बटण सगळ्यात शेवटी

रथसप्तमी उलटली की हलव्याचे दागिने मागायला कोणी येत नाही. अनंत चतुर्दशीनंतर मखरं पडून राहतात आणि तुळशीच्या लग्नानंतर आकाशकंदील. डोंबिवलीच्या फडके रोडवरचा किंवा ठाण्याच्या राम मारुती रोडवरचा दुकानदार उरलेला माल बांधून माळ्यावर टाकतो आणि शोकेस मोकळी करतो. त्याच दुकानाच्या वेबसाइटवर मात्र तीन वर्षांपूर्वीचे कंदील अजून टांगलेले असतात. त्यातले निम्मे 'आउट ऑफ स्टॉक', काही एकाच वस्तूचे दोन-दोन, तर काहींचे भाव जुने. गिऱ्हाईक शोधतं एक आणि समोर येतं भलतंच.

ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत ही तक्रार सगळीकडे आहे. उल्हासनगरहून जीन्स उचलून ऑनलाइन विकणारे, घरच्या घरी फराळ करून परदेशी पाठवणाऱ्या, भिवंडीच्या गोडाऊनमध्ये माल ठेवून अ‍ॅमेझॉनवर धंदा करणारे, अशा सगळ्यांची प्रॉडक्टची यादी दरवर्षी फुगत जाते. शेकडो प्रॉडक्ट एकेक करून काढायला वेळ कोणाला आहे? मग कोणीतरी सुचवतं की एक अ‍ॅप टाक, यादी अपलोड कर, पाच मिनिटांत साफ. साफ होतं हे खरंच. पण नको ते राहतं आणि हवं ते जातं, असंही पाच मिनिटांतच होतं.

टूल सांगितलेलं काम करतं, उलट विचारत नाही. म्हणून या कामाचा हिशेब आधीच मनाशी मांडून ठेवावा: बारा आणे काम यादीचं, तीन आणे बॅकअपचं आणि उरलेला एक आणा टूलचा.

आधी ठरवा : लपवायचं की काढायचं?

बहुतेक वेळा डिलीट करायची गरजच नसते. आर्काइव्ह म्हणजे माळा आणि डिलीट म्हणजे भंगारवाला, एवढा फरक लक्षात ठेवला तरी निम्मे घोटाळे टळतात. पुढच्या संक्रांतीला पुन्हा विकायची वस्तू माळ्यावरच जायला हवी.

माळ्याची सोय प्रत्येक ठिकाणी वेगळी आहे. शॉपिफायवर प्रॉडक्ट 'ड्राफ्ट' किंवा 'आर्काइव्ह' करता येतं. ते दुकानातून दिसेनासं होतं, पण फोटो, वर्णन आणि भाव जागेवर राहतात. तिथे डिलीट केलेलं प्रॉडक्ट मात्र परत आणता येत नाही, कारण शॉपिफायला कचरापेटीच नाही. वर्डप्रेसवरच्या वूकॉमर्सला ती आहे. साध्या पद्धतीने काढलेलं प्रॉडक्ट 'ट्रॅश'मध्ये जातं आणि सेटिंग बदललेलं नसेल तर ३० दिवसांनी कायमचं पुसलं जातं. पण टूलमधून किंवा स्क्रिप्टमधून 'फोर्स' हा पर्याय चालू ठेवून काढलंत, तर ट्रॅशचा थांबा न घेता ते थेट जातं.

अ‍ॅमेझॉनच्या सेलर सेंट्रलमध्ये 'क्लोज लिस्टिंग' आणि 'डिलीट प्रॉडक्ट अँड लिस्टिंग' असे दोन पर्याय आहेत. क्लोज केलेलं लिस्टिंग पुन्हा उघडता येतं. डिलीट केलेलं तुमच्या इन्व्हेंटरीतून जातं, पण अ‍ॅमेझॉनच्या कॅटलॉगमधलं त्या वस्तूचं पान तसंच राहतं, कारण ते पान एकट्या तुमचं नसतं. फ्लिपकार्टवर लिस्टिंग निष्क्रिय करून ठेवता येतं आणि हंगामी मालासाठी तेवढं पुरेसं असतं.

मग काढायचं काय? एकच वस्तू चुकून दोनदा चढली असेल तर त्यातली एक, चाचणीसाठी टाकलेली 'टेस्ट' प्रॉडक्ट, कधीच न विकलेला आणि पुढे विकायचा नसलेला माल, पुरवठादाराने कायमचं बंद केलेलं मॉडेल, आणि दुसऱ्याचा फोटो किंवा ब्रँड वापरल्याची तक्रार आलेलं लिस्टिंग. यातल्या शेवटच्याबाबत तक्रारीचं उत्तर देऊन झाल्याशिवाय पुरावा पुसू नका. बाकी सगळं लपवा.

प्रॉडक्टबरोबर आणखी काय जातं?

प्रॉडक्ट म्हणजे नुसतं नाव आणि फोटो नव्हे. त्याला चिकटलेल्या गोष्टीही त्याच्याबरोबर जातात.

पहिल्यांदा जातात रिव्ह्यू. वूकॉमर्समध्ये ते प्रॉडक्टच्या पानालाच जोडलेले असतात. पान कायमचं गेलं की गिऱ्हाइकांनी आपणहून लिहिलेली शाबासकीही गेली. प्रॉडक्टच्या नेहमीच्या एक्स्पोर्ट फाइलमध्ये रिव्ह्यू येत नाहीत, त्यामुळे फाइल पुन्हा चढवलीत तरी ते परत येत नाहीत.

दुसरी गोष्ट फोटो. एक्स्पोर्ट केलेल्या सीएसव्ही फाइलमध्ये फोटो नसतात, फोटोंचे फक्त पत्ते असतात. शॉपिफायवरचं प्रॉडक्ट काढल्यावर ते पत्ते चालतीलच याची खात्री धरू नका. वूकॉमर्समध्ये उलटं होतं: प्रॉडक्ट जातं, पण फोटो मीडिया लायब्ररीत पडून राहतात आणि होस्टिंगची जागा खातात.

तिसरी गोष्ट कराची. जुन्या ऑर्डरमध्ये वस्तूचं नाव आणि रक्कम टिकून राहते. पण एचएसएन कोड ऑर्डरवर न नोंदता फक्त प्रॉडक्टच्या पानावर नोंदला असेल, तर प्रॉडक्ट काढल्यावर जुन्या विक्रीचा अहवाल कोडाविना निघतो. जीएसटीआर-१ च्या टेबल १२ मध्ये एचएसएननुसार विक्रीचा गोषवारा जातो आणि तिथे ते रिकामे रकाने तुमच्या सीएला दिसतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. १,००० ते २,५०० रुपयांदरम्यानच्या तयार कपड्यांवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्याआधी कोणत्या वस्तूला कोणता दर लावला होता, हे कोणी विचारलं तर उत्तर कागदावर असायला हवं. सीजीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. म्हणजे २०२४-२५ या वर्षाची कागदपत्रं २०३१ च्या डिसेंबरअखेरपर्यंत. प्रॉडक्ट काढलं तरी ही जबाबदारी सुटत नाही.

चौथी गोष्ट प्रत्यक्ष माल. भिवंडीच्या गोडाऊनमध्ये अ‍ॅमेझॉनच्या ताब्यात तुमचे नग पडलेले असतील आणि इकडे तुम्ही लिस्टिंग उडवलंत, तर ते नग अडकतात. विकता येत नाहीत आणि साठवणुकीचं भाडं मात्र चालू राहतं. आधी तो माल परत मागवा किंवा संपवा, मग लिस्टिंगला हात लावा.

आणि पाचवी गोष्ट, अर्धवट व्यवहार. वाटेत असलेली पार्सलं, रिटर्नची मुदत न संपलेल्या ऑर्डर, वॉरंटीतली उपकरणं. यांपैकी काही शिल्लक असेल तर ते प्रॉडक्ट यादीत घेऊ नका.

यादी : बारा आणे काम

टूलला 'जुने सगळे काढ' असं कधी सांगू नका. त्याच्या हातात नेमकी यादी द्या. त्यासाठी सगळ्या प्रॉडक्टचा एक्स्पोर्ट काढून त्याची प्रत करा आणि त्या प्रतीत चार रकाने वाढवा: शिल्लक नग, शेवटची विक्री, उघड्या ऑर्डर, निर्णय. निर्णयाच्या रकान्यात तीनच शब्द लिहायचे: ठेवा, लपवा, काढा. रकाना रिकामा असेल तर अर्थ 'ठेवा'. शंका असेल तर 'लपवा'.

शब्द शोधून यादी करताना जपून. 'दिवाळी' टाकून गाळणी लावलीत तर कंदिलांबरोबर दिवाळी अंकही येतील, आणि त्यांची विक्री अजून चालू असेल. 'काळी' टाकलंत तर संक्रांतीच्या काळ्या साड्यांसोबत बारा महिने खपणारी काळी पैठणी येईल. इतकंच काय, वर्णनातही शोध चालू असेल तर 'सकाळी' हा शब्द असलेलं प्रत्येक प्रॉडक्ट सापडेल. गाळणीचा उपयोग उमेदवार गोळा करण्यापुरता ठेवा. निर्णय ओळ वाचूनच करा.

ओळख पटवायला नाव वापरू नका, आयडी किंवा एसकेयू वापरा. नावं सारखी असू शकतात आणि एका स्पेसचाही फरक पडतो. यातही एक सापळा आहे. एकाच कुर्त्याचे चार साइझ आणि तीन रंग असतील तर शीटमध्ये बारा ओळी दिसतात, पण प्रॉडक्ट एकच असतं. फक्त 'एक्सएल' बंद करायचा म्हणून त्या ओळीसमोर प्रॉडक्ट काढण्याची आज्ञा लिहिलीत, तर अख्खा कुर्ताच जाईल. व्हेरियंट काढायचा असेल तर टूलमध्ये व्हेरियंटसाठी वेगळा रकाना आहे का ते बघा.

एक्सेलच्या खोड्या तर धंद्यातल्या प्रत्येकाने अनुभवलेल्या असतात. ८९० ने सुरू होणारा १३ आकडी बारकोड एक्सेल स्वतःच्या मनाने '८.९०१२३ई+१२' असा दाखवतं. फाइल तशीच सीएसव्ही म्हणून सेव्ह झाली की उरलेले आकडे गेले, आणि एका कंपनीच्या दहा वस्तूंचा बारकोड एकसारखा झाला. '००४५' या एसकेयूचा '४५' होतो. म्हणून फाइल नुसती डबल क्लिक करून उघडू नका. ती डेटा इम्पोर्टमधून आत घ्या आणि कोडांचे रकाने 'टेक्स्ट' ठेवा. मराठी नावं चौकोन किंवा प्रश्नचिन्हं होऊ नयेत म्हणून सेव्ह करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडा. आणि क्रम लावताना पूर्ण तक्ता निवडलेला आहे ना, हे दोनदा बघा. एकाच रकान्याचा क्रम बदलला तर शेजारच्या ओळीचा निर्णय या ओळीला चिकटतो, आणि शीट बघून ते कळतही नाही.

चुकीच्या यादीने केवढा गोंधळ होतो, याचं गाजलेलं उदाहरण ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅटलासियन या मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीचं आहे. ५ एप्रिल २०२२ ला त्यांना ग्राहकांच्या साइटवरून एक जुनं अ‍ॅप काढायचं होतं. स्क्रिप्टला जी यादी मिळाली तिच्यात अ‍ॅपच्या आयडीऐवजी ग्राहकांच्या अख्ख्या साइटचे आयडी होते. स्क्रिप्टमध्ये तात्पुरतं काढणं आणि कायमचं काढणं असे दोन्ही पर्याय होते आणि ती कायमच्या पर्यायावर चालली. अर्ध्या तासाच्या आत ७७५ ग्राहकांच्या ८८३ साइट गेल्या. बॅकअप होते, तरीही काहींना साइट परत मिळायला दोन आठवडे लागले. कंपनीच्या अहवालातली एक गोष्ट आपल्या कामाची आहे: दुसऱ्या माणसाने काम तपासलं होतं, पण त्याने पाहिली ती पद्धत, आयडी कशाचे आहेत ते नव्हे.

तेव्हा दुसऱ्याकडून तपासून घ्याल तेव्हा त्याला यादीच तपासायला सांगा. काउंटरवर रोज माल हाताळणारा माणूस यासाठी सगळ्यात चांगला. त्याला कॉम्प्युटर येत नसला तरी चालेल. यादीतल्या कुठल्याही दहा ओळी त्याला वाचून दाखवा. 'अहो, हे कालच गेलं एक,' असं त्याने एकदा जरी म्हटलं, तर यादी पुन्हा पहिल्यापासून बघा.

बॅकअप : परत चढवून बघितला तरच खरा

बॅकअप तीन गोष्टींचा घ्या: सगळ्या प्रॉडक्टची एक्स्पोर्ट फाइल, मूळ फोटोंचा फोल्डर आणि ऑर्डरचा अहवाल. वूकॉमर्स असेल तर होस्टिंगमधून पूर्ण डेटाबेसचाही घ्या. रिव्ह्यू आणि एचएसएनसारखी जादा माहिती सुखरूप राहते ती तिथेच. फाइलच्या नावात तारीख घाला आणि एक प्रत दुकानाच्या कॉम्प्युटरबाहेर ठेवा, ड्राइव्हवर किंवा पेनड्राइव्हवर.

मग खरी परीक्षा: एक बिनमहत्त्वाचं प्रॉडक्ट काढा आणि फाइलमधून परत चढवून बघा. फोटो आले का? साइझ आले का? वेबपत्ता तोच राहिला का? ज्या बॅकअपमधून एकही प्रॉडक्ट परत आणून पाहिलेलं नाही, त्याच्या भरवशावर पाचशे काढू नयेत.

टूल आणि त्याच्या परवानग्या

आता टूल. दहा-वीस प्रॉडक्ट असतील तर त्याची गरज नाही. दुकानाच्या अ‍ॅडमिनमध्येच टिक करून सगळी एकदम काढता येतात. तिथे 'सिलेक्ट ऑल' दाबल्यावर वर दिसणारा आकडा आणि तुमच्या यादीचा आकडा जुळतो का, एवढं बघा. गाळणी नकळत निघाली असेल तर सगळं दुकान निवडलं गेलेलं असतं.

जास्त माल असेल तर शॉपिफायसाठी मॅट्रिक्सिफायसारखी अ‍ॅप आहेत. तिथे फाइलमधल्या 'कमांड' रकान्यात डिलीट लिहिलेल्या ओळीच काढल्या जातात. शॉपिफायच्या स्वतःच्या सीएसव्ही इम्पोर्टने प्रॉडक्ट काढता येत नाहीत. फाइलमधून ओळ गाळली म्हणून दुकानातून ती वस्तू जात नाही. अ‍ॅमेझॉनवर मात्र याच्या अगदी उलट एक पर्याय आहे, 'पर्ज अँड रिप्लेस'. तो निवडून अर्धी फाइल चढवलीत तर फाइलमध्ये नसलेला सगळा माल लिस्टिंगमधून उडतो. फाइल अपलोड करायचं काम नव्या मुलाकडे देण्याआधी हा पर्याय त्याला दाखवून ठेवा आणि त्याला हात लावायचा नाही, हेही सांगा.

टूल घेताना तीन प्रश्न विचारा. प्रत्यक्ष काहीही न काढता आधी नुसता अंदाज, म्हणजे ड्राय रन, दाखवतं का? काय काढलं याची नोंद देतं का? मध्येच थांबवता येतं का? तिन्हींची उत्तरं 'हो' आली नाहीत तर दुसरं बघा. परवानगी फक्त प्रॉडक्टपुरती द्या. प्रॉडक्ट काढणाऱ्या अ‍ॅपला गिऱ्हाइकांचे फोन नंबर आणि पत्ते कशाला हवेत? काम बाहेरच्या मुलाकडे दिलं असेल तर त्याला मालकाचा पासवर्ड देऊ नका, वेगळं स्टाफ लॉगिन करून द्या. काम संपलं की ते लॉगिन, अ‍ॅप आणि एपीआय की हे तिन्ही बंद करा.

हल्ली एआयला सांगून स्क्रिप्ट लिहून घेणारेही आहेत. घ्या, हरकत नाही. पण त्याला चालू दुकानाची चावी देऊ नका. जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या कंपनीच्या एआयने, काहीही बदलू नको असं बजावलेलं असताना, एका उद्योजकाचा चालू डेटाबेस पुसला. त्यानंतर कंपनीने चाचणीचा आणि प्रत्यक्ष वापराचा डेटाबेस वेगवेगळे केले. तुम्हीही तेच करा. वूकॉमर्सची चाचणी प्रत बहुतेक होस्टिंगवर काढता येते. स्क्रिप्ट आधी तिथे चालवा.

प्रत्यक्ष चालवताना

दिवस मंदीचा निवडा. सणाच्या तोंडावर, सेल चालू असताना किंवा शनिवारी संध्याकाळी हे काम काढू नका. लॅपटॉप चार्ज असू द्या आणि मोबाइलचं नेट हाताशी ठेवा.

सुरुवात पाच प्रॉडक्टने. ती काढून झाली की दुकान गिऱ्हाइकासारखं उघडा: मोबाइलवरून, लॉगिन न करता. कॅटेगरीची पानं नीट दिसतात का? होम पेजवर रिकामी चौकट राहिली का? चेकआउट चालतं का? सगळं ठीक असेल तर पन्नास, मग शंभर. वूकॉमर्सच्या एपीआयमध्ये एका खेपेला शंभरापर्यंतच जातात, आणि तो आकडा तपासणीच्या दृष्टीनेही सोयीचा आहे. प्रत्येक खेपेनंतर दोन आकडे लिहून ठेवा, आधी किती होती आणि आता किती आहेत. वजाबाकी जुळली नाही तर तिथेच थांबा.

मध्येच नेट गेलं तर घाईने पूर्ण यादी पुन्हा चालवू नका. टूलची नोंद उघडा, कुठपर्यंत झालं ते बघा आणि उरलेल्या ओळींची नवी फाइल करून तेवढीच चालवा.

काढल्यानंतर

वेबसाइटवरून वस्तू गेली तरी तिची लिंक फिरतच असते. कुणी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेली असते, तर कुणी इन्स्टाग्रामवर टॅग केलेली. तशीच नवी वस्तू असेल तर जुना पत्ता तिच्याकडे वळवा. शॉपिफायवर ही वळवणी मूळ पान दिसेनासं झाल्यावरच लागू होते, त्यामुळे आधी करून ठेवली तरी चालते. जवळचं काहीच नसेल तर पान सापडत नाही, असंच दिसू द्या. सगळ्या जुन्या लिंक सरसकट होम पेजवर वळवल्या तर गिऱ्हाईक गोंधळतं आणि गूगलही त्या पानांना नसल्यातच जमा धरतं.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचा कॅटलॉग, फेसबुकचं शॉप आणि गूगलवरच्या जाहिराती वेगळ्या तपासा. वेबसाइटशी जोडलेल्या असतील तर थोड्या वेळाने आपोआप सुधारतात. हाताने भरलेला व्हॉट्सअ‍ॅप कॅटलॉग हातानेच सुधारावा लागतो. नाहीतर नसलेल्या वस्तूची ऑर्डर येते आणि नकार कळवायला फोन तुम्हालाच करावा लागतो.

चुकून भलतंच गेलं असेल तर पहिलं काम म्हणजे टूल थांबवणं. वूकॉमर्समध्ये आधी ट्रॅश बघा. पूर्ण डेटाबेसचा बॅकअप घाईने परत चढवू नका, कारण बॅकअप घेतल्यानंतर आलेल्या ऑर्डर त्याने पुसल्या जातील. फक्त गेलेली प्रॉडक्ट तेवढी फाइलमधून चढवा. त्यांना नवे आयडी मिळतील, त्यामुळे जाहिराती आणि टॅग पुन्हा जोडावे लागतील.

वर्षाचं वेळापत्रक

ही साफसफाई सवडीवर सोडली की होत नाही. लपवायचं काम सणांना बांधून घ्या: रथसप्तमीनंतर, अनंत चतुर्दशीनंतर आणि तुळशीच्या लग्नानंतर. डिलीट वर्षातून एकदाच. त्यासाठी ३१ मार्चचा स्टॉक मोजून झाल्यावर, एप्रिलचा दुसरा पंधरवडा बरा. तोवर वर्षाचा माल मोजलेला असतो, मार्चच्या बऱ्याचशा रिटर्न येऊन गेलेल्या असतात आणि मार्चचं विवरणपत्र सीएच्या हातावेगळं झालेलं असतं. वर्षभर लपवून ठेवलेल्या ज्या वस्तूची एकदाही आठवण झाली नाही, ती तेव्हा 'काढा'च्या रकान्यात जाऊ द्या. यादी एकाने करावी, दुसऱ्याने वाचावी आणि बटण मालकाने स्वतः दाबावं.